थेराक-२५ : अडसर आणि आज्ञावली

संगणकाची आज्ञावली झिजत नाही. यंत्राच्या दात्यांना गंज चढतो, पट्टे सैल होतात, तारांवरील वेष्टन कालांतराने ठिसूळ बनते. आज्ञावली मात्र पहिल्या दिवशी जशी असते तशीच दहा वर्षांनंतरही असते. यावरून सामान्य माणूसच काय, पण पुष्कळदा अभियंताही असे अनुमान काढतो की, जी आज्ञावली काही वर्षे बिनतक्रार चालली ती निर्दोष असलीच पाहिजे. हे अनुमान चुकीचे आहे. आज्ञावलीतील दोष वापरामुळे उत्पन्न होत नाही. तो लेखनाच्या क्षणापासूनच तिच्यात असतो आणि त्याला अनुकूल अशी परिस्थिती जुळून येईपर्यंत स्वस्थ पडून राहतो. ती परिस्थिती दहा वर्षे आली नाही, एवढाच त्या निर्वेध दहा वर्षांचा अर्थ.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी थेराक-२५ या यंत्राच्या इतिहासाइतके बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र कॅनडाच्या ‘ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या सरकारी कंपनीने तयार केले होते. अशी एकूण अकरा यंत्रे बसविण्यात आली. पाच अमेरिकेत आणि सहा कॅनडात. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यांपैकी काही यंत्रांकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण मिळाले. काहींचा त्यामुळे मृत्यू ओढवला, काही कायमचे अपंग झाले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या दोन अभ्यासकांनी न्यायालयीन व सरकारी कागदपत्रांच्या आधारे या प्रकरणाची तपशीलवार छाननी केली आणि १९९३ साली ती प्रसिद्ध केली. पुढील विवेचनातील बहुतेक तपशील त्या छाननीमुळेच सर्वांना उपलब्ध झाले आहेत.

प्रथम यंत्राची रचना समजून घेऊ. थेराक-२५ हे दोन प्रकारचे उपचार करीत असे. त्वचेलगतच्या गाठींसाठी इलेक्ट्रॉनांचा झोत सरळ रुग्णाच्या शरीरावर सोडला जाई. मात्र त्याआधी चुंबकांच्या साहाय्याने तो पसरवून सौम्य करण्यात येई. खोलवरच्या गाठींसाठी क्ष-किरण लागत. ते निर्माण करण्यासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत एका धातूच्या लक्ष्यावर आदळवावा लागे आणि नंतर गाळणीसारख्या एका जाड भागातून तो सर्वत्र सारखा करून घ्यावा लागे. या प्रक्रियेत बरीच ऊर्जा खर्ची पडते. म्हणून क्ष-किरणांच्या उपचारात मूळ झोताची तीव्रता इलेक्ट्रॉनांच्या उपचारातील तीव्रतेच्या सुमारे शंभरपट ठेवावी लागे. लक्ष्य, गाळणी, झोत पसरविणारे चुंबक ही सारी सामग्री एका फिरत्या चकतीवर बसविलेली होती. चकती एका स्थितीत आली की क्ष-किरणांची सामग्री झोताच्या वाटेत येई, दुसऱ्या स्थितीत आली की इलेक्ट्रॉनांची. तिसरी एक स्थिती होती, तीत झोताच्या वाटेत फक्त एक आरसा असे. रुग्णाला नेमके कोठे झोपवायचे हे साध्या प्रकाशाच्या किरणाने ठरविण्यासाठी ती वापरीत.

वाचकाच्या लक्षात आले असेल की, या यंत्रात सर्वाधिक भय एकाच गोष्टीचे आहे. झोत शंभरपट तीव्र असावा आणि त्याच वेळी वाटेत लक्ष्य नसावे, असे कधीही घडता कामा नये.

थेराक-२५च्या आधी थेराक-६ आणि थेराक-२० अशी दोन यंत्रे होऊन गेली होती. ती या कंपनीने एका फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने बनविली होती. त्यांनाही संगणक जोडलेला होता, पण तो सोयीपुरता. चकती योग्य जागी नसेल तर विजेचा प्रवाहच तोडून टाकणारे स्वतंत्र अडसर त्या यंत्रांत होते आणि त्यांचा आज्ञावलीशी काही संबंध नव्हता. थेराक-२५ची आखणी करताना असे ठरले की, संगणक आहेच, तर तीच राखण त्याच्याकडे सोपवावी आणि त्याच कामासाठी पुन्हा वेगळे यांत्रिक व विद्युत् अडसर बसवू नयेत. खर्च वाचला. यंत्र सुटसुटीत झाले. जुन्या यंत्रांच्या आज्ञावलीतील काही भाग नव्या यंत्रात तसेच घेण्यात आले. ते वर्षानुवर्षे चाललेले होते, तेव्हा त्यांच्याविषयी शंका घेण्याचे कारण कोणाला दिसले नाही. ही आज्ञावली पीडीपी-११ या संगणकासाठी, यंत्रभाषेला अगदी लागून असलेल्या भाषेत, एकाच व्यक्तीने काही वर्षांत लिहिलेली होती. ती कशी चालते याविषयीचे लेखी टिपण फारच थोडे होते. आज्ञावलीच्या भागांची सुटी सुटी परीक्षाही नावापुरतीच झाली. बहुतेक सारी चाचणी संपूर्ण यंत्र जोडून झाल्यावर करण्यात आली.

मार्च १९८३ मध्ये कंपनीने यंत्राच्या सुरक्षिततेचे एक विश्लेषण केले. त्यात गृहीत धरले होते की, आज्ञावलीतील दोष चाचणीत निघून गेलेले आहेत, आणि संगणक चुकला तर तो फक्त त्याचे सुटे भाग बिघडल्यामुळे चुकेल. अशा विश्लेषणातून संभाव्यतेचे अतिसूक्ष्म आकडे निघाले. आकडे सूक्ष्म होते, परंतु ज्या वाटेने संकट येणार होते ती वाट त्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

आता यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाच्या जागी बसून पाहू. रुग्ण आतल्या जाड भिंतींच्या खोलीत असतो. तंत्रज्ञ बाहेर, पडद्यासमोर. प्रारंभीच्या रचनेत तंत्रज्ञाला उपचाराची सर्व माहिती दोनदा भरावी लागे, एकदा रुग्णाशेजारी यंत्रावर आणि पुन्हा बाहेर कळफलकावर. हे फार वेळखाऊ आहे अशी तक्रार आली आणि कंपनीने ती मान्य केली. सुधारणेनंतर बाहेरच्या पडद्यावर नुसती एक कळ दाबत गेले की यंत्रावरील आकडे आपोआप उतरू लागले. तक्रार रास्त होती, सुधारणाही सद्हेतूने केलेली होती. पण दोनदा भरण्यात जी एक ताडून पाहण्याची संधी होती ती तिच्याबरोबर गेली, आणि तंत्रज्ञांची बोटे कळफलकावर फार वेगाने चालू लागली. या वेगाचे महत्त्व पुढे कळेल.

दुसरी गोष्ट संदेशांची. काही बिनसले की पडद्यावर ‘बिघाड’ हा शब्द आणि त्यापुढे एक आकडा उमटे. आकड्याचा अर्थ तंत्रज्ञाच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता. असे बिघाड दिवसातून अनेकदा दिसत आणि त्यांचा रुग्णाच्या जीविताशी काही संबंध असल्याचा अनुभव कोणालाच नव्हता. गंभीर मानलेल्या बिघाडांनंतर यंत्र पूर्ण थांबे व सर्व माहिती पुन्हा भरावी लागे. किरकोळ मानलेल्या बिघाडांनंतर ते नुसते विसावे आणि ‘पी’ ही एक कळ दाबली की काम पुढे सुरू होई. ज्या घरात कुत्रा रात्रभर विनाकारण भुंकतो, त्या घरातले लोक चोर आला तरी उठत नाहीत. तंत्रज्ञांना दोष देण्याचे कारण नाही. ‘पी’ कळ दाबण्याची सवय त्यांना त्या पडद्यानेच लावली होती.

३ जून १९८५ रोजी जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा येथे एका स्त्रीला उपचार चालू असताना तीव्र भाजल्याची जाणीव झाली. असे होणे अशक्य आहे, असे तिला सांगण्यात आले. पुढे तिचा स्तन काढावा लागला आणि तो हात व खांदा निकामी झाला. जुलैत कॅनडातील हॅमिल्टन येथे यंत्र सुमारे पाच सेकंदांत थांबले. किरण मुळीच दिले गेले नाहीत असे पडद्यावर दिसत होते, म्हणून तंत्रज्ञाने ‘पी’ दाबली. यंत्र पुन्हा थांबले. असे चार वेळा घडले. नंतरच्या अंदाजाप्रमाणे त्या रुग्ण स्त्रीला १३,००० ते १७,००० रॅड इतकी मात्रा मिळाली होती. एका वेळच्या उपचाराची नेहमीची मात्रा साधारणपणे २०० रॅड असते, आणि संपूर्ण शरीराला ५०० रॅड मिळाले तर निम्मी माणसे दगावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. कंपनीच्या अभियंत्यांना तो प्रकार पुन्हा घडवून आणता आला नाही. चकतीची स्थिती कळविणाऱ्या एका लहानशा स्विचवर संशय घेण्यात आला, तो भाग सुधारण्यात आला, आणि यंत्राची सुरक्षितता अनेक हजारपटींनी वाढल्याचे जाहीर झाले. खरे कारण सापडलेले नसताना सुधारणा इतक्या आकड्यांत मोजता येते, ही गोष्ट मननीय आहे.

डिसेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेवर समांतर तांबडे पट्टे उठले. रुग्णालयाने विचारणा केली तेव्हा यंत्राकडून किंवा तंत्रज्ञाकडून असे होणे शक्य नाही आणि अशी दुसरी घटना आढळलेली नाही, असे उत्तर आले. एका रुग्णालयाची तक्रार दुसऱ्या रुग्णालयाला कळविण्याची काही व्यवस्थाच नव्हती. प्रत्येक ठिकाणचे डॉक्टर आपल्याकडील प्रकार हा जगातील एकमेव प्रकार आहे असे समजत राहिले.

उलगडा झाला तो टेक्सासमधील टायलर या गावी. तेथील कर्करोग केंद्रात ५००हून अधिक रुग्णांना या यंत्राने सुरळीत उपचार मिळाले होते. २१ मार्च १९८६ रोजी एका पुरुष रुग्णाला पाठीवर १८० रॅडचा इलेक्ट्रॉन-उपचार द्यायचा होता. तंत्रज्ञ अनुभवी होती. तिने सवयीने उपचाराच्या प्रकारासमोर क्ष-किरणाचे ‘एक्स’ हे अक्षर भरले, चूक लगेच लक्षात आल्यावर वर जाण्याच्या कळीने मागे जाऊन त्या जागी ‘ई’ केले, बाकीच्या ओळी झरझर उतरविल्या आणि झोत सुरू केला. यंत्र थांबले. पडद्यावर ‘बिघाड ५४’ असे आले. २०२ एककांऐवजी अवघी ६ एकके दिली गेल्याचे दिसत होते. तिने ‘पी’ दाबली. आत रुग्णाला पहिल्या वेळीच विजेचा जबर धक्का बसल्यासारखे झाले होते आणि तो उठण्याच्या प्रयत्नात होता. दुसरा झोत त्याच्या हाताला लागला. त्या दिवशी खोलीतील दूरदर्शन-कॅमेरा जोडलेला नव्हता आणि ध्वनियंत्रणा नादुरुस्त होती. तो दारावर मुठी आपटू लागला तेव्हा बाहेर कळले. पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

एवढा प्रचंड झोत जाऊनही पडद्यावर सहा एकके का दिसली? झोत मोजणारी उपकरणे त्या तीव्रतेखाली क्षणात संपृक्त झाली आणि त्यांनी ‘अत्यल्प’ असा कौल दिला. आज्ञावलीने तो कौल निमूटपणे पडद्यावर मांडला. किती दिले याची शहानिशा करणारे दुसरे, स्वतंत्र साधन तिच्यापाशी नव्हते.

यंत्राची विद्युत्-तपासणी झाली, दोष आढळला नाही, आणि ७ एप्रिलला ते पुन्हा वापरात आणले गेले. ११ एप्रिलला त्याच तंत्रज्ञाच्या हातून, तशीच दुरुस्ती करताना, पुन्हा ‘बिघाड ५४’ आला. या वेळी ध्वनियंत्रणा चालू होती. तिने आतून मोठा आवाज आणि रुग्णाचे कण्हणे ऐकले. चेहऱ्यावर झोत लागलेला तो रुग्ण तीन आठवड्यांत दगावला.

येथे केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी जे केले ते सर्व संशोधकांनी अभ्यासावे असे आहे. त्यांनी यंत्र तात्काळ बंद केले आणि त्या तंत्रज्ञाला बरोबर घेऊन तो प्रसंग पुन्हा पुन्हा घडवून पाहिला. तिला आपण नेमके काय केले ते आठवत होते. बऱ्याच खटपटीनंतर दोघांना गमक सापडले. आकडे सावकाश भरले तर काहीच होत नसे. सरावलेल्या हाताने वेगाने भरले आणि दुरुस्त केले तर ‘बिघाड ५४’ हमखास येई. कंपनीच्या अभियंत्यांना तो प्रकार घडविता आला नव्हता, कारण ते सावकाश आणि काळजीपूर्वक भरीत होते. परीक्षा घेणारा माणूस काळजीपूर्वक वागतो. रोजचे काम करणारा माणूस चटपटीत असतो.

दोषाचे स्वरूप एका कचेरीच्या दृष्टांताने समजेल. खिडकीवर अर्ज भरून होताच आतला एक कारकून तो वाचतो आणि त्याप्रमाणे कोठारातून माल काढण्यासाठी निघतो. या कामाला त्याला आठ सेकंद लागतात. तेवढ्यात अर्जदार खिडकीवरच अर्जातील एक शब्द खोडून दुसरा लिहितो. दुसरा कारकून, ज्याच्याकडे पेटी निवडण्याचे काम आहे, तो नंतर येतो आणि दुरुस्त अर्ज वाचतो. माल पहिल्या अर्जाप्रमाणे निघतो, पेटी दुसऱ्या अर्जाप्रमाणे. थेराक-२५मध्ये नेमके हेच घडत होते. कर्सर, म्हणजे पडद्यावरील लुकलुकणारी खूण, शेवटच्या ओळीवर पोचली की आज्ञावली ‘माहिती पूर्ण झाली’ असे समजे आणि झोत वळविणारे चुंबक जुळवू लागे. त्यास सुमारे आठ सेकंद लागत. या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, चकती जुळविणाऱ्या भागालाही कळे, पण झोताची तीव्रता ठरविणाऱ्या भागाला कळत नसे. परिणामी तीव्रता क्ष-किरणांची आणि चकती इलेक्ट्रॉनांची, असा तो टाळायचा संयोग साधला जाई.

आज संगणकाच्या जाळ्यावरील पाने लिहिणाऱ्यांना हा प्रकार परका वाटू नये. पैसे भरण्याची कळ दाबली, उत्तर यायला उशीर लागला म्हणून पुन्हा दाबली आणि रक्कम दोनदा वजा झाली. गावाचे नाव बदलले, पण यादी आधीच्या गावाची आली. हे त्याच कुळातील दोष आहेत. एका पानामागे अनेक कामे एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येक काम वेगळ्या क्षणी वेगळी माहिती वाचू शकते. पडद्यावर जे दिसते तेच यंत्राच्या मनात आहे, अशी वापरणाऱ्याची समजूत असते. ती खरी ठेवणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे, आणि त्यासाठी कृती करण्यापूर्वी माहितीचे सर्व भाग एकाच वेळच्या प्रतीवरून वाचले जातील अशी योजना करावी लागते.

कंपनीने एप्रिल १९८६ मध्ये रुग्णालयांना जो तात्पुरता उपाय कळविला तो असा : वर जाण्याच्या कळीचे टोपण काढून टाकावे आणि आतील जोडावर विजेची चिकटपट्टी लावावी. रुग्णांच्या जिवाला धोका आहे असा स्पष्ट उल्लेख त्या पत्रात नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते पत्र अपुरे ठरविले, २ मे रोजी यंत्र सदोष असल्याचे जाहीर केले आणि सविस्तर सुधारणा-योजना मागितली.

याच सुमारास शिकागो विद्यापीठात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. तेथे थेराक-२० हे जुने यंत्र होते आणि त्यावर विद्यार्थी शिकत. नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली की त्या यंत्राचे फ्यूज वारंवार उडत, कारण विद्यार्थी वाटेल तसे आकडे भरीत आणि बदलीत. टायलरची हकिकत कळल्यावर तेथील भौतिकशास्त्रज्ञाने तपास केला, तेव्हा आठ सेकंदांचा तोच दोष थेराक-२०च्या आज्ञावलीतही निघाला. तो तेथे वर्षानुवर्षे होता. पण तेथे स्वतंत्र अडसर शिल्लक होते. आज्ञावली चुके, अडसर प्रवाह तोडी, फ्यूज उडे, आणि लोक फ्यूज बदलून कामाला लागत. जुन्या आज्ञावलीची जी ख्याती नव्या यंत्राला वारशाने मिळाली होती, ती वस्तुतः तांब्याच्या तारांनी कमावलेली होती.

सुधारणांची चर्चा चालू असतानाच १७ जानेवारी १९८७ रोजी याकिमा येथे सहावा अपघात झाला आणि त्याचे कारण अगदी निराळे निघाले. चकतीची स्थिती तपासायची आहे की नाही हे दर्शविण्यासाठी स्मृतीतील एक खूण होती. ती शून्य असेल तर तपासणीची गरज नाही, अन्यथा आहे. खूण ‘आहे’ अशी ठेवण्यासाठी तीत एखादा ठराविक आकडा लिहिणे पुरे होते. त्याऐवजी दर फेरीला तीत एकाची भर घातली जाई. त्या जागेत ० ते २५५ एवढेच आकडे मावत. मोटारीच्या अंतरमापकात सगळे नऊ झाले की पुढे सगळी शून्ये येतात, तसे दर २५६व्या फेरीला ती खूण शून्य होई, आणि नेमक्या त्या क्षणी तंत्रज्ञाने कळ दाबली तर तपासणी न होताच झोत सुटे. त्या वेळी चकती आरशाच्या स्थितीत राहिली होती. ८६ रॅड अपेक्षित असलेला तो रुग्ण एप्रिलमध्ये मरण पावला. दुरुस्ती मात्र सोपी होती. एक मिळविण्याऐवजी एक ठराविक आकडा लिहायचा.

या अपघाताने चर्चेची दिशा बदलली. एक दोष सापडला, तो काढला, म्हणून यंत्र सुरक्षित झाले, हा युक्तिवाद यापुढे टिकणे शक्य नव्हते. दोन पूर्णतः भिन्न दोषांनी एकच अनर्थ केला होता आणि तिसरा नाही असे कोण सांगणार? प्रशासनाच्या आग्रहामुळे १९८७च्या उत्तरार्धापर्यंत जी योजना ठरली तिच्यात आज्ञावलीची दुरुस्ती तर होतीच, पण चकतीची स्थिती संगणकावर न विसंबता ओळखणारे साधन आणि एकाच स्पंदातील अतिमात्रा ओळखून झोत बंद करणारे स्वतंत्र मंडल यांचाही समावेश होता. आकड्यांच्या जागी अर्थ सांगणारे संदेश आले. मात्रेसंबंधीच्या बिघाडानंतर ‘पी’ दाबून पुढे जाण्याची सोय काढून घेण्यात आली.

वैद्यकीय उपकरणांच्या आज्ञावलीसाठी पुढे २००६ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने ६२३०४ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. आज्ञावलीचा कोणता भाग चुकला तर किती इजा होऊ शकते, यावरून तिचे वर्ग पाडावेत आणि त्या मानाने लेखन, चाचणी व टिपणे यांची कसोटी वाढवीत जावी, अशी त्याची पद्धत आहे. अन्य कामासाठी पूर्वी लिहिलेल्या, किंवा जिच्या घडणीची नोंद उपलब्ध नाही अशा आज्ञावलीसाठी त्यात स्वतंत्र संज्ञा आहे. असा भाग नव्या उपकरणात घ्यायचा असेल तर त्याची नोंद करावी लागते, त्याच्याकडून काय अपेक्षित आहे ते लिहावे लागते, आणि ज्या वर्गांत इजा गंभीर होऊ शकते त्यांत तो भाग चुकला तर कोणता अनर्थ ओढवेल याचाही विचार करावा लागतो.